बोलीवर आणलेली कॅसेट

महिपतरावांचा उजवा हात भैंसा गावच्या गुरांच्या बाजारात पुष्कळांच्या ओळखीचा होता, पण तो कामात असताना फार कुणी पाहिला नव्हता. त्याचं काम उपरण्याखाली चाले. बैलाचा सौदा तिथे तोंडाने होत नसे. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर उपरणं टाकत, आणि खाली बोटं बोलू लागत. एक बोट धरलं तर एक आकडा, दोन धरली तर दुसरा, तळव्यावरून अंगठा ओढला की अर्धा. भोवती माणसं दाटलेली असत, पण त्यांना दिसे ते फक्त हलणारं कापड. तोंडं तेवढ्या वेळात पोरीच्या लग्नाचं, नाहीतर चहात साखर जास्त पडल्याचं बोलत असत.

वडिलांनी त्यांना हे शिकवलं ते गाडीत, बाजाराला जाता-जाता. पोराचा हात धोतराच्या सोग्याखाली घ्यायचा, बोटं दाबायची आणि विचारायचं, काय म्हटलं मी, सांग. चुकलं तर पुन्हा. भैंसा येईपर्यंत हेच चाले.

पुढे महिपतराव स्वतः दलाल झाले आणि त्यांचं नाव झालं ते बोलीमुळे, म्हणजे बैल आधी कामाला लावून पाहण्याच्या अटीमुळे. बैल पसंत पडला तरी ते घेणाऱ्याला लगेच सौदा पुरा करू देत नसत. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, म्हणजे आठवडाभर, बैल घेणाऱ्याच्या घरी राहायचा. त्याला नांगराला जुंपायचं, भरली गाडी ओढायला लावायची, नाल्याच्या उतारावर तो गाडी धरतो का ते बघायचं. काम ठरल्याप्रमाणे केलं तर सौदा पक्का. जूखाली बसला तर बोली मोडली. बैल परत, आणि कुणी कुणाला शब्द बोलायचा नाही. विकणारे शिंगांना तेल लावतात, गूळ चारतात, शेपटी पिरगाळून बैल उड्या मारता करतात, हे महिपतरावांना ठाऊक होतं. शेपटी पिरगाळल्यावर बैल उडतो, पण ते काही काम नव्हे, एवढंच ते म्हणत. तेलुगू मुलखातले व्यापारीही त्यांच्याशी मोडक्या हिंदीत चार शब्द बोलत आणि मग भाषेची गरज संपल्यासारखा हात पुढे करीत.

पंच्याण्णव साली, कापूस वेचणी चालू असताना, एका सकाळी धोतर नेसताना त्यांचा उजवा हात वर आला नाही. ते हाताकडे बघत राहिले, आणि मग उभ्या जागी खाली बसले. निर्मल शहरातल्या दवाखान्यात नेलं. तोंड वाकडं झालं होतं ते काही दिवसांनी बरंचसं सरळ झालं. पाय ओढत का होईना, चालू लागला. हात मात्र आला नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, असंही सांगितलं. ते महिने सरले. नंतर काय, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही.

त्यांची बायको रुक्माबाई रोज सकाळी त्या हाताला कोमट तेल लावी, एकेक बोट उघडी, मिटी, आणि उघडी. बोटं तिच्या म्हणण्याप्रमाणे वागत, त्यांच्या नाही.

मधे एकदा ते बाजारात जाऊन आले होते. त्यांचा जोडीदार डोमाजी, तोही दलालच, त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. एक बैल बघून महिपतरावांनी तो चांगला असल्याचं सांगितलं. घेणारा त्यांच्याच ओळखीचा, वर्षानुवर्षांचा, प्राणहिता नदीकडचा व्यापारी होता. डोमाजीने उपरणं टाकलं. महिपतरावांनी डावा हात पुढे केला. डाव्या हाताने बाजारात कुणी सौदा करीत नाही. व्यापाऱ्याने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग तो उपरण्याखाली न घेता त्याने महिपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना चहा पाजला. चहा फार चांगला होता, असं घरी आल्यावर त्यांनी रुक्माबाईला सांगितलं. बाकीचं तिला डोमाजीकडून कळलं. त्यानंतर त्यांनी बाजाराचं नाव काढलं नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, स्वच्छ उपरणं खांद्यावर टाकून ओट्यावर बसत. गाड्या पुढून जात.

त्याच सुमारास भैंशात केबल आली. माणिकरावची व्हिडिओ लायब्ररी त्यामुळे बसली. माणिकराव हा एका जुन्या दलालाचा मुलगा. बापाच्या मागे त्याने बाजार सोडून हे दुकान टाकलं होतं. लग्नाच्या, बारशाच्या घरी तो टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने पोचवी. आता लोक घरबसल्या दिसतं ते बघू लागले, तेव्हा त्याने दुकान मोडायला काढलं. सिनेमाच्या कॅसेटी उचलल्या गेल्या. उरल्या त्या कुणाला नको होत्या त्या. अशा तीन कॅसेटींचा त्याने एक गठ्ठा केला: टीव्हीवरच्या एका मालिकेचे काही भाग, क्रिकेटचा एक जुना सामना, आणि व्यायामाची एक कॅसेट. सुटी देणार नाही, आणि सोबत जुना व्हीसीआर, असं त्याचं म्हणणं होतं.

ही बातमी महिपतरावांच्या घरी त्यांची सून रेणुका घेऊन आली. ती सहज बोलून गेली. मालिका तिच्या माहेरी ती बघत असे आणि शेवट काय झाला हे तिला कधी कळलं नव्हतं. रुक्माबाईच्या कानात मात्र व्यायाम हा एकच शब्द राहिला.

संध्याकाळी तिने मुलापाशी विषय काढला. सुधाकर कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होता. घरातला टीव्ही त्यानेच आणलेला. त्याला ती कॅसेट माहीत होती. दुकानात बसणारी पोरं ती कशासाठी लावतात हेही माहीत होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. शहरातल्या बायका बारीक होण्यासाठी उड्या मारतात, लकव्याशी त्याचा संबंध नाही, असं त्याने सांगितलं. शिवाय उद्या आपल्याही गल्लीत केबलची तार येईल, मग ही भंगारं कोण बघणार. सामना बघायला त्याला आवडला असता, तेवढं त्याने मान्य केलं. रेणुका भाकरी थापता-थापता म्हणाली की मालिका काही वाईट नव्हती. डोमाजी बसलेला होता. तो म्हणाला, "वहिनी, त्या बायकाईले तं हाडंच नाईत. महिपत तसा वाकला तं परत सरळ कराले लोहार लागंल."

महिपतराव हसले. हसताना त्यांचं तोंड अजून एका बाजूला जाई. रुक्माबाई हसली नाही. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "जनावर घ्या का नोका घेऊ, साऱ्या गावाले तुमी सांगता. हे बी तुमीच सांगा."

महिपतराव म्हणाले, "पाहल्याबिगर काय सांगू? माणिकले म्हना, बोलीवर दे."

दुसऱ्या दिवशी माणिकराव स्वतः आला, व्हीसीआर सायकलच्या मागे बांधून. कॅसेट बोलीवर मागणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं आणि त्याला त्याची गंमत वाटत होती. बाजारापासून बाजारापर्यंत, हे त्याने लगेच कबूल केलं. पण बैल जू ओढतो, काकाजी, या कॅसेटनं काय करायचं, ते तरी ठरवा, असं तो म्हणाला.

महिपतरावांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"पुढच्या बाजाराले तू ये," ते म्हणाले. "उपरन्याखाली हा हात देईन. याच्या बोटानं भाव सांगीन. तुले समजला, तं घेतली. नाई समजला, तं बोली मोडली."

माणिकरावची गंमत तिथेच संपली. त्याने तारा जोडून दिल्या, कॅसेट कशी घालायची ते रेणुकाला दाखवलं, आणि चहा न घेता गेला.

सकाळी वीज असे तेवढ्या वेळात व्यायाम चाले. पडद्यावर निळ्या कपड्यांतली एक बाई हसत उभी राही, तिच्या मागे आणखी दोघी. बाई हिंदीत बोले आणि इंग्रजीत मोजी. सुरुवातीच्या उड्या रेणुका पुढे सरकवून टाकी. खांद्याचे, मनगटाचे प्रकार शेवटाकडे होते, आणि अगदी शेवटी बाई हातात एक रबरी चेंडू घेऊन तो दाबून दाखवी. तेवढंच महिपतरावांच्या कामाचं होतं. घरात चेंडू नव्हता. रुक्माबाईने सरकी न काढलेला कापूस फडक्यात बांधून गोळा केला. दाबला की आत सरकी हाताला लागे, तेवढं तरी त्यांना कळेल, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी ते नुसते खाटेवर बसून बघत राहिले. म्हणून रुक्माबाई पदर खोचून टीव्हीपुढे उभी राहिली आणि बाईसारखे हात वर नेऊ लागली. जन्मात तिने असे रिकामे हात वर नेले नव्हते. दाराआड रेणुकाला हसू आवरेना. महिपतरावही हसले, आणि हसता-हसता त्यांनी डाव्या हाताने उजवा हात डोक्यापर्यंत उचलला. "आता तुमचं पाहून बाई घाबरंल," रुक्माबाई म्हणाली. त्या घरात इतकं हसू पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. ही सगळी हकिगत मी पुढे रेणुका आणि डोमाजीकडून ऐकली; हे सांगतानाही रेणुका आधी हसली होती.

दुपारनंतर रेणुका मालिका बघे. कॅसेटीत शेवटचे भाग नव्हतेच; कथा मधेच थांबे आणि पडद्यावर नुसत्या रेघा येत. संध्याकाळी सुधाकर सामना लावी. महिपतरावांना क्रिकेट कळत नसे, पण गोलंदाजाचा हात पडद्यावर मोठा करून, सावकाश दाखवला की ते पुढे सरत. चेंडूच्या शिवणीवर दोन बोटं कशी बसतात, सुटताना कुठलं बोट शेवटी सोडतं, हे त्यांना पुन्हा-पुन्हा बघायचं असे. सुधाकर कंटाळला तरी मागे नेऊन दाखवी. फलंदाज कशाने फसला हे त्यांना बरोबर कळलं. तोंड एक सांगतं आणि बोट दुसरं, असं ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. सुधाकरने टीव्ही बंद केला.

बाजाराला दोन-तीन दिवस राहिले असताना रुक्माबाईला अंगठा हललेला दिसला. कापसाचा गोळा त्यांच्या तळव्यात होता, बाई पडद्यावर मोजत होती, आणि अंगठा एकदम आत वळला. तिने हाक मारून रेणुकाला बोलावलं. पुन्हा करून दाखवा म्हटलं. त्यांनी दात आवळले, मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, आणि अंगठा पुन्हा हलला. रुक्माबाईने त्याच दिवशी शेजारी, विहिरीवर, डोमाजीच्या घरी सगळीकडे सांगितलं. देवापुढे नारळ ठेवला, पण फोडला नाही. बाजाराच्या दिवशी फोडायचा होता.

महिपतरावांनी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं ते डोमाजीला, तो भेटायला आला तेव्हा. अंगठा त्यांच्या सांगण्याने हलत नव्हता. खांदा आवळला, दंड ताणला, की हाताला झटका बसे आणि अंगठा त्याच्यासोबत ओढला जाई. कधी हलेल ते त्यांना ठाऊक नसे. "शेपटी पिरगाळून राह्यलो डोमा," ते म्हणाले. "दुसरं काई नाई." डोमाजीने विचारलं, वहिनीला सांगू का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाजारापर्यंत राहू दे.

तरी ते व्यायाम सोडत नव्हते. उलट वीज गेल्यावर, पडदा काळा झाल्यावरही ते गोळा हातात घेऊन बसत आणि ओठांतल्या ओठांत बाईसारखं मोजत. त्यांना स्वतःला आशा होती की नव्हती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बोलीवर बैल नेला की तो पहिल्याच दिवशी बसला तरी ठरलेल्या दिवसापर्यंत त्याला जुंपायचाच, असा त्यांचा नेम होता.

बाजाराच्या दिवशी ऊन उतरल्यावर माणिकराव आला. त्याच्यासोबत बाजारातून परतणारा डोमाजीही होता. रुक्माबाईने ओट्यावर घोंगडी अंथरून ठेवली होती. महिपतरावांनी सकाळपासून पांढरं धोतर नेसलेलं. माणिकराव समोर बसला. डोमाजीने महिपतरावांच्या खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

रीतीप्रमाणे तोंडाने दुसरं काही बोलायचं असतं. माणिकरावने केबलवाल्यांची गोष्ट काढली. तार कुठपर्यंत आली, कुणाच्या घरी जोडली. महिपतराव हो हो म्हणत होते. त्यांच्या मानेची शीर वर आली होती. उपरणं एकदा थोडं हललं, मग हललं नाही. माणिकरावने केबलचं बोलणं बरंच लांबवलं. दारात रुक्माबाई उभी होती. तिला कापड तेवढं दिसत होतं, जसं बाजारात सगळ्यांना दिसतं.

मग माणिकराव मोठ्याने म्हणाला, "समजलं काकाजी. कबूल हाय मले."

रुक्माबाईने दाराची चौकट धरली. ती आत गेली, आणि नारळ आपटल्याचा आवाज आला.

महिपतरावांनी मान वर केली. डाव्या हाताने त्यांनी माणिकरावचं मनगट धरलं, उपरण्यावरूनच.

"काय म्हटलं मी?" त्यांनी विचारलं. "सांग."

माणिकरावने डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी रस्त्याकडे बघत होता.

"काई नाई म्हटलं मी," महिपतराव म्हणाले. "तुह्या बापानं असा सौदा नसता केला. बोली मोडली. सामान घेऊन जाय."

माणिकराव म्हणाला की तसंही ते त्याच्या दुकानात पडूनच राहणार आहे, राहू द्या इथे. महिपतरावांनी त्याला दोष दिला नाही. कॅसेट चांगली आहे, असंही ते म्हणाले. बाई मन लावून शिकवते. पण घेतल्याशिवाय घरात वस्तू ठेवायची नाही. तोवर रुक्माबाई खोबऱ्याचे तुकडे ताटलीत घेऊन बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताटली माणिकरावपुढे धरली. त्याने एक तुकडा उचलला, डोमाजीनेही. रेणुकाने तारा सोडून दिल्या. व्हीसीआर पुन्हा सायकलच्या मागे बांधला गेला, तिन्ही कॅसेटी हँडलला लावलेल्या पिशवीत गेल्या.

दोघे गेल्यावरही उपरणं महिपतरावांच्या मांडीवर तसंच राहिलं होतं, त्याखाली हात. रुक्माबाई शेजारी येऊन बसली. लग्न झाल्यापासून त्यांनी केलेल्या सौद्यावर तिने कधी प्रश्न विचारला नव्हता.

"थो कबूल म्हनत होता," ती म्हणाली. "तुमी काऊन मोडलं?"

"त्याले काईच समजलं नव्हतं. खोटं बोलला थो."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मले चाललं असतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने उपरणं उचललं, झटकलं आणि घडी घालून आत नेलं. दिवस मावळला तेव्हा तिने कापसाचा गोळा सोडला, एकेक सरकी बोटांनी वेगळी केली, आणि मूठभर झाली ती म्हशीपुढे टाकली. कापूस वातीला ठेवला.

पुढे महिपतराव चार-पाच वर्षं होते. बैल घेणारे सुरुवातीला त्यांच्या अंगणात जनावर आणून दाखवत. नंतर रस्त्यावर ट्रॅक्टर वाढले आणि तेही येईनात. गल्लीत केबल आली. सकाळी एका चॅनेलवर व्यायाम लागत असे, दुसरी बाई, दुसरे कपडे, पण मोजणं तेच. महिपतराव खाटेवरून बघत असत. मांडीवर उजवा हात असे. रुक्माबाई घरात असली तर येऊन ती चॅनेल बदलून टाकी.

हाताला तेल लावणंही तिने बोली मोडली त्या बाजारानंतर सोडून दिलं होतं.